चुकून बरोबर आलेलं उत्तर

आमच्या केबिनमध्ये गेल्या महिन्यात एक नवे सर रुजू झाले. पोरगा हुशार, बाहेरून शिकून आलेला, अंगात उत्साह इतका की पंखा बंद असला तरी त्याला कळत नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. पडद्यावर एका टाकीचं चित्र होतं, कडेला लाल, मधे पिवळं, तळाशी निळं. म्हणाला, "सर, फ्लो किती सुंदर आलाय बघा." माझ्या तोंडून निघून गेलं, "सुंदर राहू द्या हो, पाणी कुठं जाऊन राहिलंय ते सांगा." मग माझं मलाच हसू आलं, कारण ते वाक्य माझं नव्हतं. ते रंगरेज मॅडमचं होतं, आणि तो बसला होता ती खुर्चीही त्यांचीच.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज नांदेडबाहेर, नायगावच्या रस्त्याला आहे. केमिकल विभागातली ही केबिन मी आणि शमीम रंगरेज मॅडमनी पुष्कळ वर्षं वाटून घेतली. वाटून म्हणजे कशी, तर टेबल दोघांचं, कपाट त्यांचं आणि खिडकी त्यांच्या बाटल्यांची. बाटल्यांत हिरवं पाणी. माझ्याकडे आलेल्या एका पाहुण्याने ते पुदिन्याचं सरबत समजून झाकण उघडलं होतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "प्या, प्या. अंगाला चांगलंच आहे. चवीची मात्र जबाबदारी माझी नाही."

ते शेवाळ होतं. स्पिरुलिना नावाचं हे हिरवं शेवाळ वाळवून, पूड करून लहान पोरांच्या लाडवात घालतात, कारण त्यात ताकद फार. मॅडमचं सगळं संशोधन त्याला वाढवायचं कसं याच्यावर. पण मॅडम शेवाळापेक्षा जास्त वेळ कॉम्प्युटरसमोर असायच्या. उभी, चपटी, काचेसारख्या प्लास्टिकची पेटी घ्यायची, तीत पाणी आणि शेवाळ भरायचं, खालून हवेचे बुडबुडे सोडायचे. बुडबुड्यांनी पाणी वरखाली फिरतं, पाण्याबरोबर शेवाळाच्या पेशी फिरतात. पेशी कडेला आली की तिला ऊन मिळतं, आत गेली की अंधार, कारण शेवाळ दाट झालं की बोटभर आत उजेड पोचत नाही. अशी पेटी बांधून पाहायची तर महिने जातात. म्हणून ती आधी कॉम्प्युटरमध्ये बांधायची. पाण्याचे लाखो बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा कुठे जाईल याचं गणित मांडायचं, मग त्यात उजेड सोडायचा आणि कोणत्या पेशीला किती ऊन मिळालं ते मोजायचं. मला हे इतक्या सोप्या भाषेत कळलं ते मॅडममुळे. नाहीतर त्या विषयावरचे निबंध वाचून माणसाला शेवाळाची कीव येण्याऐवजी स्वतःची यायची.

मॅडमचे वडील नांदेडच्या इतवाऱ्यात कापड रंगवून द्यायचे. आडनाव रंगरेज आणि धंदाही तोच, पिढ्यानपिढ्या. साड्या, ओढण्या, लग्नाचे फेटे. दुकानामागे मोठी पातेली उकळायची आणि लहानपणी मॅडमच्या हातात काठी यायची. अब्बांची ताकीद एकच, काठी एका दिशेने फिरवायची नाही, नाहीतर मधे रंग बसत नाही आणि कापडाला डाग पडतात. मॅडम म्हणायच्या, "माझी पीएचडी तिथंच झाली. पुढचं नुसतं इंग्रजीत लिहून काढलं." कॉम्प्युटरवरच्या रंगीत चित्रांवर त्यांचा विश्वास नसायचा तोही त्या दुकानामुळेच. विद्यार्थी मोठ्या हौसेने लाल-पिवळं चित्र घेऊन यायचे आणि मॅडम चष्मा डोक्यावर सरकवून म्हणायच्या, "रंग ओला असला की सगळ्यांनाच आवडतो, बेटा. वाळला की ये."

दिसायला बुटक्या. सुती सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी, तिला दोन सेफ्टी पिना. चष्मे दोन, आणि हवा असलेला नेहमी डोक्यावर. आवाज मात्र असा की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर सायकल स्टँडवरचा पोरगा उभा राहायचा. वाहतं पाणी दिसलं की त्यांना पुढे जाता यायचं नाही. माझ्या नातवाच्या बारशाला आल्या होत्या. सगळ्या बाया पाळण्याभोवती, आणि मॅडम मागच्या अंगणात आचाऱ्याशेजारी. तो खीर ढवळत होता आणि मॅडम चारोळ्या कुठून कुठे जातात ते बघत होत्या. बराच वेळ झाल्यावर आचारी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, त्या ताईंना माझ्यावर कायचा संशय हाय का?"

एकदा विद्यार्थ्यांची सहल सहस्रकुंडला नेली. मी इस्लापूरचा, धबधबा घरापासून जवळ, म्हणून जेवण आमच्याकडे ठेवलं होतं. पोरं फोटो काढण्यात दंग. मॅडमनी पळसाची पानं गोळा केली, एकेकाच्या हातात एकेक दिलं आणि म्हणाल्या, पान टाकायच्या आधी सांगायचं की ते कुठून बाहेर येईल. कुणाचंच बरोबर येईना. पान भोवऱ्यात अडकायचं, तिथेच गरागरा फिरायचं, मग भलत्याच खडकाआडून निघायचं. पोरांना चेव आला. मॅडमचंही पान चुकलं, तेव्हा त्या सगळ्यांत जास्त खुश झाल्या. घरी आमची सौभाग्यवती भाकऱ्या झाकून बसली होती. आम्ही पोचलो तेव्हा भाकऱ्यांचे पापड झाले होते. मॅडमनी त्या तशाच खाल्ल्या आणि वर कौतुकही केलं, त्यामुळे सौभाग्यवतीला रागावताही आलं नाही.

शिकवायची रीत अशीच. भर उन्हाळ्यात तिसऱ्या वर्षाचा वर्ग त्यांनी मैदानातल्या लिंबाखाली नेला आणि जाहीर केलं की आता तुम्ही सगळे शेवाळ. झाडाची सावली म्हणजे पेटीचा आतला अंधार, बाहेर ऊन. काहींना सांगितलं उन्हातच उभं राहा, काहींना सावलीतच, आणि बाकीच्यांनी आतबाहेर चालत राहायचं. थोड्याच वेळात उन्हातले चक्कर आल्यासारखे करायला लागले, सावलीतले पेंगायला लागले आणि फिरणारे मजेत गप्पा मारत होते. मॅडम म्हणाल्या, "कळलं? ऊन किती पडलं हे विचारायचं नाही. पेशी उन्हात किती वेळाने आली आणि किती वेळ थांबली, ते विचारायचं." प्राचार्यांनी खिडकीतून हा प्रकार पाहिला आणि शिपायाला पाठवून विचारलं की कवायत कोणत्या विषयाची चालू आहे. त्या वर्गातलं कुणीही त्या प्रश्नावर परीक्षेत चुकलं नाही, हे मी पेपर तपासले म्हणून सांगतो.

इतकं सांगितल्यावर त्या फार प्रेमळ होत्या असं वाटेल. प्रेमळ होत्या, पण गोड नव्हत्या. चूक पकडली की सोडायच्या नाहीत आणि माफी मागायची वेळ आली तर परीक्षेचं वेळापत्रक वाचून दाखवावं तशी मागायच्या. हे मला नीट कळलं ते संध्याच्या प्रकरणात.

संध्या बिराजदार ही मॅडमची शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी. निलंग्याकडची, वडील शेती करणारे, घरात कॉलेजात गेलेली ही पहिलीच. बोलायची कमी, राबायची बेसुमार. तिचा विषय असा की लातूरच्या उन्हात शेवाळाची पेटी कशी चालेल ते कॉम्प्युटरवर आधी सांगायचं आणि मग खरी पेटी ठेवून पडताळायचं. लातूरला मॅडमच्या ओळखीच्या एका संस्थेच्या आवारात पेटी बसवली. देखरेखीला शिवकांताबाई होत्या. त्या तिथे स्वयंपाकाचंही बघायच्या आणि शेवाळाला 'हिरवी म्हैस' म्हणायच्या, कारण वेळेवर खाणंपिणं लागतं आणि नाही दिलं तर बसून राहते. शेजारी खांबावर उजेड मोजायचं यंत्र लावलं होतं. शिवकांताबाई रोज नमुना काढून ठेवायच्या, संध्या आठवड्याला पहाटेच्या बसने जाऊन ऊन चढायच्या आत घेऊन यायची.

आणि आकडे जुळले. नुसते जुळले नाहीत, कॉम्प्युटरने काढलेली रेघ आणि पेटीतल्या शेवाळाची रेघ एकमेकींवर अशी बसली की विभागप्रमुखांनी तो कागद नोटीस बोर्डावर लावला. संध्याचा प्रबंध लिहून झाला. हैदराबादच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली, अट एकच, प्रबंध सादर झाल्याचा दाखला घेऊन यायचं. तिच्या वडिलांनी गावात पेढे वाटून टाकले होते. प्रबंधात टाकायला पेटीचा एक चांगला फोटो तेवढा राहिला होता. मला लातूरला साडूकडे जायचंच होतं, म्हणून मॅडम आणि संध्या माझ्या गाडीत बसल्या.

आम्ही आवारात शिरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पेटी दिसेना. जिथे पेटी होती तिथे ओली गोणपाटं पसरलेली, वरून पाणी ठिबकतंय, खाली बुडबुड्यांचा आवाज. संध्याने शिवकांताबाईंना विचारलं, हे काय आज? त्या म्हणाल्या, आज कशाचं, उन्हाळा लागल्यापासून दुपारी रोजच टाकतो, ऊन कलतं झालं की काढतो.

"कुणी सांगितलं?" संध्याने विचारलं.

शिवकांताबाईंनी मॅडमकडे पाहिलं. "तुम्हीच की मॅडम. मी फोन केला होता ना, पाणी लई तापून राहिलंय म्हणून."

मॅडम तिथल्या कट्ट्यावर बसल्या. त्यांना आठवलं होतं. फोन आला होता, त्या म्हणाल्या होत्या, अहो मग ओलं पोतं टाका, त्यात विचारायचं काय. आणि फोन ठेवून विसरल्या होत्या. आमच्याकडे उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं, खिडकीला वाळ्याचा पडदा, भाजीच्या पाटीवर ओलं पोतं. हे कुणी कुणाला सांगत नाही आणि कुणी लिहूनही ठेवत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाने पेटीवर पोतं टाकायचं म्हटलं असतं तर आधी चार ठिकाणी विचारलं असतं. आम्ही विचारत नाही, टाकतो. पण खांबावरचं यंत्र पोत्याबाहेर होतं. ते पूर्ण ऊन मोजत होतं, कॉम्प्युटरमध्ये पूर्ण ऊन जात होतं, आणि पेटीतलं शेवाळ दुपारभर पोत्याखाली अंधारात होतं.

परतताना लोहा गाव मागे पडल्यावर संध्या म्हणाली, "पण मॅडम, आकडे तर जुळलेत." मॅडम म्हणाल्या, "तेच तर. उजेड चुकीचा घातला आणि उत्तर बरोबर आलं. म्हणजे आत अजून एक चूक आहे आणि ती आपल्याला माहीतच नाही."

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांच्या खोलीत बैठक झाली. ते वाईट माणूस नव्हेत. त्यांनी समजावलं की पोतं फक्त आपल्याला माहीत आहे, मुलीची नोकरी अडली आहे, प्रबंध जाऊ द्या, दुरुस्ती पुढच्या निबंधात करा. शेवटी म्हणाले, "मॅडम, जुळलेल्या आकड्यांना कुणी प्रश्न विचारत नाही."

"म्हणून तर भीती वाटते, सर," मॅडम म्हणाल्या. आणि त्यांनी प्रबंध थांबवला.

संध्याला त्यांनी हे व्हरांड्यात सांगितलं, उभ्या उभ्या. चूक माझी आहे, प्रबंध मी थांबवला आहे, कंपनीला मी स्वतः लिहिते. संध्याने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "बरं मॅडम." कंपनीला मॅडमनी लिहिलं, फोनही केले, पण कंपन्या कुणासाठी थांबत नसतात. त्यांनी दुसरा माणूस घेतला.

मग एक दिवस संध्याचे वडील आले. धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी. केबिनमध्ये मी होतोच. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"मॅडम, एक विचारू का? पोरीचं काम झालं होतं का न्हाई?"

"झालं होतं, काका."

"आन चूक तुमची हाय, असं ती म्हणती."

"हाव. माझीच आहे."

"मग शिक्षा तिला का?"

मी मॅडमना पुष्कळ वाद घालताना पाहिलं होतं. बाहेरून आलेल्या मोठमोठ्या प्राध्यापकांना त्यांनी फळ्यापुढे गप्प केलेलं होतं. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही बरोबर बोलून राहिलात. पण मला हे असं तिच्या नावावर पाठवता येईना." म्हाताऱ्याने नमस्कार केला आणि तो गेला. मॅडमनी त्या दिवशी डबा उघडला नाही. मला त्यांची फार दया आली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. इतकं ताठ राहून माणसाला काय मिळतं, असं वाटायचं तेव्हा.

पुढचे महिने वाईट गेले. संध्या वेळेवर यायची, वेळेवर जायची, मॅडमशी कामापुरतं बोलायची. पूर्वी दोघी एका डब्यात जेवायच्या, आता ती कॅन्टीनला जायची. मॅडमनी एकदाही तिला बोलावलं नाही. त्या फक्त दर आठवड्याला तिच्याबरोबर लातूरला जायच्या. दोघी एसटीत शेजारी बसून. तिथे गेल्यावर मॅडम पोत्याखाली हात घालून उजेड मोजायच्या आणि संध्या पेटीला कॅमेरा लावून बुडबुड्यांचं चित्रण करायची.

दुसरी चूक संध्यालाच सापडली. पोत्याखालचा खरा उजेड कॉम्प्युटरमध्ये घातला तर शेवाळ खऱ्यापेक्षा फारच कमी वाढताना दिसायचं. म्हणजे आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी शेवाळाला मदत करत होतं. चित्रण बघताना तिच्या लक्षात आलं की पेटीतले बुडबुडे कॉम्प्युटरमधल्यापेक्षा बारीक आहेत. शेवाळाला वाढायला लागतं ते पाणी खारं असतं, आणि खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, बारीकच राहतात. कॉम्प्युटरला मात्र तिने साध्या पाण्याचे बुडबुडे सांगितले होते. बारीक बुडबुड्यांनी पाणी जास्त चांगलं ढवळलं जात होतं, पेशी लवकर लवकर कडेला येत होत्या, आणि सकाळ-संध्याकाळच्या उन्हात त्या आपली गरज भागवत होत्या. एक चूक जास्त सांगत होती, दुसरी तितकंच कमी, म्हणून उत्तर बरोबर येत होतं. दोन्ही सुधारल्यावर रेघा पुन्हा जुळल्या. आणि वर एक नवीन गोष्ट हाती लागली. बुडबुडे बारीक असतील तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी पेटी खुशाल झाकावी, काही बिघडत नाही. पाणी थंड करायला वेगळं यंत्र लागत नाही, दोन पोती पुरतात. लातूरसारख्या गावाला याचा अर्थ किती मोठा, ते मी सांगायला नको.

संध्याने हे सगळं मॅडमच्या टेबलावर आणून ठेवलं तेव्हा मॅडमनी दोन्ही चष्मे आळीपाळीने लावून ते वाचलं. शाबासकी वगैरे दिली नाही. म्हणाल्या, "हे मला दिसायला पाहिजे होतं. रंगाऱ्याच्या घरची मी, पाण्यात मीठ टाकून रंग पक्का करणारी. हे तुझं आहे, बेटा. यात माझं नाव नको." संध्याने कागद उचलले. इतके महिने धाडकन लागणारं दार त्या दिवशी जाताना तिने हळू लावलं.

शेवटची तोंडी परीक्षा कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये झाली. बाहेरून परीक्षक आले होते, मान हलवत ऐकणारे, सावध गृहस्थ. मार्गदर्शकाने अशा वेळी बोलायचं नसतं, म्हणून मॅडम मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसल्या होत्या, माझ्या शेजारी. संध्याने पोत्याची गोष्ट लपवली नाही. पहिल्यांदा कसं चुकलं, का जुळलं, मग काय सापडलं, सगळं क्रमाने मांडलं. परीक्षकांचे प्रश्न झाले. मग रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारलं, सभागृहातून कुणाला काही विचारायचं आहे का? हा प्रश्न नुसता विचारायचा असतो, हात कुणी वर करत नाही.

संध्याचे वडील उभे राहिले. टोपी हातात. परीक्षकांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही एकमेकांकडे. नियमाने कुणालाही विचारता येतं, म्हणून त्यांना थांबवणार कोण.

"मला यातलं काही कळंना," ते म्हणाले. "एकच विचारायचं हाय. आता बरोबर आलं का?"

संध्याने वडिलांकडे पाहिलं. मग मागच्या रांगेकडे, आणि नजर तिथेच राहिली.

"हाव बाबा," ती म्हणाली. "आता बरोबर आलं. आधी आलं होतं ते मला नको होतं."

शेजारी मॅडमनी ओढणीच्या टोकाला लावलेली सेफ्टी पिन उघडली आणि परत लावली. परीक्षकांनी सही केली, टाळ्या झाल्या, समोसे आले. संध्या दोन प्लेटी घेऊन मागच्या रांगेत आली, एक मॅडमना दिली. मी उठून जागा दिली, तिथे ती बसली. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही आणि ऐकायचं नव्हतंही.

त्यानंतर काही दिवसांतच मॅडम निवृत्त झाल्या आणि धाकट्या बहिणीकडे उदगीरला राहायला गेल्या. फोनवर बोलणं होतं, पण भेट नाही. म्हणून मला त्या आठवतात त्या परीक्षेच्या संध्याकाळच्याच. मी वरच्या व्हरांड्यात उभा होतो. खाली फाटकाशी मॅडम, संध्या आणि मागे दोघींच्या पिशव्या घेतलेले संध्याचे वडील नांदेडची बस पकडायला निघाले होते. चार पावलं गेल्या की मॅडम थांबून काहीतरी विचारायच्या आणि संध्या हाताने हवेत वर्तुळं काढून सांगायला लागायची. दोघी थांबल्या की वडीलही थांबायचे. बस आली, फाटकासमोर मंद झाली, कंडक्टरने मान बाहेर काढून वाट पाहिली. मॅडमनी तिकडे बघितलंही नाही. वडिलांनी कंडक्टरला हाताने खूण केली की तू जा, यांचं अजून चालू आहे.